मंजुरीआधी फुटलेला नारळ

वामनराव टेंभेकरांची आणि माझी पहिली भेट कल्याणच्या मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझ्या साडेतीन पानी अर्जातली तीन पाने खोडून टाकली. षष्ट्यब्दिपूर्तीच्या गौरवग्रंथात गुणवर्णनाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण हा लेख ते स्वतः वाचणार आहेत. पहिल्या ओळीत मुद्दा आला नाही, तर पेन्सिल काढतील याची मला धास्ती आहे.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या पाच-सहा कारकून मंडळींनी एका भाड्याच्या खोलीत वाचनालय थाटले होते. दोन कपाटे, एक बाक, एक कंदील, आणि ज्याने त्याने घरून आणलेली पुस्तके. सरकार अशा वाचनालयांना अनुदान देते अशी कुणकुण लागली. मी एका कारखान्याच्या कचेरीत टंकलेखक, म्हणून अर्जाचे काम माझ्या गळ्यात पडले. मीही हात धुऊन मागे लागलो. ज्ञानाची महती, पारतंत्र्याचा अंधार, तरुणांचे कर्तव्य असे सगळे त्या अर्जात आणले आणि ऐटीत कल्याणला गेलो.

व्हरांड्यात शेजारी एक गृहस्थ बसले होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि मांडीवर खाकी पिशवी. त्यांनी फार अदबीने विचारले, "वाचू का? तुमची हरकत नसेल तर." मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण तुम्हाला हवंय काय?"

"अनुदान."

"ते कुठं लिहिलंय?"

मी पाने उलटू लागलो. अनुदान शेवटच्या अर्ध्या पानावर, तेही तळाशी सापडले. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "अहो, अर्ज म्हणजे कीर्तन नव्हे, पूर्वरंग कशाला? साहेब उभ्याउभ्या वाचणार. कोण, कुठले, काय केलं, काय हवं, एवढ्या चार ओळी पुरेत." मी रागाने लाल झालो होतो. पण त्या चार ओळींच्या अर्जावर दोन महिन्यांत अनुदान मिळाले, आणि वाचनालयाला तिसरे कपाट आले. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य आहे. पाल्हाळ मात्र सुटलेला नाही, हे पुढे दिसेलच.

ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बदलापूर गावचे टपालघर गेली कित्येक वर्षे वामनरावांच्या घराच्या ओटीवर आहे. ते तिथले पोस्टमास्तर. म्हणून सारा मुलूख त्यांना मास्तर म्हणतो. त्यांनी शाळेत एक दिवस शिकवलेले नाही, तरी नवखी माणसे आपल्या पोरांची प्रगती त्यांना विचारतात आणि तेही न गोंधळता "अक्षर सुधारायला हवं" असे सांगतात. टपाल वाटून झाले की उरलेला वेळ लोकांच्या अर्जांचा. शाळेचे छप्पर, तालमीची माती, ओढ्यावरचा साकव, दाईच्या प्रशिक्षणाची सोय, अशा कित्येक गोष्टींना सरकार गेल्या दहा-बारा वर्षांत हात देऊ लागले. पण तो हात कुठे आहे आणि तो कसा धरायचा, हे खेड्यातल्या माणसाला कोणी सांगायचे? मास्तर ते सांगत. अर्जाची कच्ची प्रत नेहमी जुन्या पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर. कोरा कागद वाया घालवणे हे त्यांच्या लेखी पाप आहे. त्यांच्या पत्नीचा, आम्हा सगळ्यांच्या काकूंचा, चहाला मात्र हात सढळ. फॉर्म घेऊन आलेला माणूस चहा घेतल्याशिवाय त्या ओटीवरून कधी उतरला नाही.

त्यांची अर्ज भरण्याची एक रीत आहे. कचेरीत बसून ते कोणत्याही वाडीचा अर्ज भरत नाहीत. फॉर्म घेऊन वाडीवर जातात, सगळ्यांना बसवतात आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतात. प्रत्येक ओळीनंतर थांबतात. वाडीतला म्हातारा "हां" म्हणाला की पुढची ओळ. अटीसुद्धा सगळ्या वाचतात. सकाळी नऊला बसलेली बैठक जेवणवेळेपर्यंत चालते. मला सुरुवातीला हा शुद्ध वेळकाढूपणा वाटे. एकदा तसे बोललो तर म्हणाले, "अंगठा त्यांचा लागायचाय. कशावर लावतोय ते कळायला नको?"

उल्हासनगरच्या शिवणवर्गाची हकिगत इथे सांगायलाच हवी. निर्वासितांच्या छावणीतल्या काही सिंधी भगिनींनी बराकीतच शिवणाचा वर्ग सुरू केला होता आणि यंत्रांसाठी अनुदान मागितले होते. त्यांच्या पुढारी ईश्वरीबाई. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की दोन बराकी पलीकडे ऐकू जावा. त्यांचा अर्ज परत आला. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना होता आणि तो त्यांनी कोरा सोडला होता. कचेरीतला कारकून म्हणाला, बराकीचा नंबर कायमचा धरता येत नाही.

ईश्वरीबाई मास्तरांच्या ओटीवर येऊन बसल्या. "मास्तरसाहेब, हमारा पक्का पता तो उधर सिंध में रह गया. अभी क्या लिखूँ?" एवढे बोलून त्या गप्प झाल्या. त्यांना गप्प बसलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मास्तरांनी विचारले, "तुमची पत्रं येतात बराकीवर?"

"आती हैं. बहन की आती हैं, अजमेर से."

"वेळेवर?"

"हाँ, बराबर."

मास्तरांनी त्या रकान्यात बराकीचा नंबर स्वच्छ अक्षरात लिहिला. सोबत एक दाखला जोडला: 'या पत्त्यावर पत्र नियमित पोचते. पोस्टाच्या दृष्टीने हा पत्ता पक्का आहे.' खाली सही. छावणी त्यांच्या टपालघराच्या हद्दीत नव्हती, म्हणून तिथल्या पोस्टमनला गाठून त्यांनी आधी खात्री करून घेतली आणि त्याचीही सही घेतली. पुढच्या खेपेला कारकुनाने काही म्हटले नाही. शिवणयंत्रे आली. ईश्वरीबाईंनी पहिला सदरा शिवला तो मास्तरांना. तो एक वीत सैल झाला होता, तरी मास्तर सणावाराला अजून तोच घालतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी उचलली, तिच्याकडे वळतो.

बदलापुरापासून बारवी नदीच्या अंगाला पाच मैलांवर उंबराची वाडी आहे. ठाकूर आदिवासींची तीसेक घरे. होळी झाली की ओढा आटायचा. मग बायका खाली नदीच्या वाळूत खड्डे करून, झिरपेल तसे पाणी नरोटीने हंड्यात भरत बसायच्या. एक हंडा भरायला सकाळ जायची. सरकारची योजना अशी होती की विहिरीचा अर्धा खर्च सरकार देईल आणि अर्धा वाटा लोकांनी अंगमेहनतीने उचलायचा. मास्तरांना ती कळताच ते फॉर्म घेऊन वाडीवर गेले. मीही सोबत होतो.

वाडीचे म्हातारे बुधाबाबा म्हणाले, "कागूद घेऊन जानारे लय आले मास्तर. पानी घेऊन कोनी आला नाय."

"मी येईन," मास्तर म्हणाले.

असे शब्द मास्तर सहसा देत नाहीत. सरकारी कामाचा भरवसा काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? पण त्या दिवशी ते बोलून गेले आणि बुधाबाबांनी अंगठा लावला. बैठकीत सगळ्या अटी वाचल्या गेल्या. 'मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामास अनुदान मिळणार नाही,' हीसुद्धा वाचली, आणि तिच्यावरही "हां" झाले.

पुढे ओव्हरसियर येऊन जागा पाहून गेले. त्यांनी चुन्याची फक्की मारून विहिरीचा गोल आखला. मास्तर इतके हरखले, की म्हणाले, "एक नारळ फोडू या. शुभ असतं." बुधाबाबांनी नारळ फोडला, खोबरे वाटले, आणि आम्ही समाधानाने घरी आलो.

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आम्हा गावातल्या माणसांचा नारळ हा नुसता शकुनाचा. एकदा फुटला की काम दोन वर्षे रखडले तरी कोणाला काही वाटत नाही. उंबराच्या वाडीत तसे नाही. तिथे नारळ फुटला म्हणजे जागेच्या देवाला शब्द दिला. तिसऱ्या दिवसाच्या आत कुदळ लागलीच पाहिजे, आणि काम तडीला जाईपर्यंत हात थांबता कामा नये. मास्तरांना ही चाल ठाऊक नव्हती. मला तर काहीच ठाऊक नव्हते.

फाल्गुनात एका सकाळी मी मास्तरांच्या ओटीवर बसलो असताना बुधाबाबा आले. हातात पितळी तांब्या, वर पान झाकलेले. तांब्या त्यांनी टपालाच्या टेबलावर ठेवला आणि तोंडभर हसले.

"मास्तर, पानी लागला. प्या."

मास्तर ते गढूळसर पाणी घटाघटा प्यायले. त्यांचे डोळे भरून आले. आणि मग, तांब्या खाली ठेवता ठेवता, त्यांचा चेहरा उतरला. मंजुरीचा कागद अजून आलेला नव्हता.

"बुधाबाबा, हुकूम यायचा होता हो अजून," ते हळूच म्हणाले.

"आनखी कनचा हुकूम?" म्हाताऱ्याला खरेच कळेना. "सायबानं फक्की मारली. तुमी नारल फोडाया लावला. मंग?"

सबंध वाडीने दीड महिना मुरूम फोडला होता. आता विहीर नुसता खड्डा होती. मातीच्या भिंती, वरचा थर भुसभुशीत. दगडी बांधकाम झाले नाही तर पहिल्या पावसाळ्यात ढासळून बुजणार, आणि बांधकामाला लागणारा चुना, सिमेंट, गवंडी हे सगळे अनुदानातूनच यायचे होते. अनुदान गेले तर विहीर गेली. पाण्याबरोबर मास्तरांचा शब्दही जाणार होता.

बुधाबाबा गेल्यावर मी माझी अक्कल पाजळली. म्हटले, "मास्तर, यात अवघड काय आहे? मंजुरी येईलच आठ-पंधरा दिवसांत. काम त्यानंतर सुरू झालं असं टाइप करतो. एक तारीख तर बदलायची. सगळे करतात."

ते रागावले असते तर बरे झाले असते. टेबलावरचा तारखेचा शिक्का उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "इतकी वर्षं मी रोज सकाळी याची तारीख बदलतो. पहिलं काम तेच. आजच्या पत्रावर कालचा शिक्का मी कधी मारला नाही, उद्याचाही नाही. आता विहिरीवर मारू?"

मी शरमेने उठलो. पुढचे दोन आठवडे तिकडे फिरकलो नाही. मग अंबरनाथला माझ्या नावाने एक कार्ड आले. बदलापूर ते अंबरनाथ अंतर ते काय, पण मास्तरांनी रीतसर कार्ड टाकले होते: 'टंकयंत्राला गंज चढेल. रविवारी यावे. घावन आहेत. सोमवारी रजा काढून कल्याणला जाणे आहे.' त्या घटनेबद्दल त्यांनी पुन्हा एक अक्षर काढले नाही. ते कार्ड मी जपून ठेवले आहे.

सोमवारी मास्तर, बुधाबाबा आणि मी असे तिघे कल्याणला गेलो. विकासखात्याचे साहेब नवे होते आणि कडक म्हणून त्यांची ख्याती होती. मास्तरांनी सगळे जसेच्या तसे सांगितले. नारळ मी फोडायला लावला, चूक माझी, हेही सांगितले. साहेबांनी फाईल मिटली.

"वाईट वाटतं. पण नियम स्पष्ट आहे. मंजुरीआधी सुरू झालेलं काम मला धरता येणार नाही. मंजुरीनंतर सुरू झालेलं हवं."

बुधाबाबा इतका वेळ दाराशी उभे होते. ते दोन पावले पुढे आले. "सायेब, मंग बुजवाची का?"

"काय?"

"हीर. बुजवताव आमी. दोन दिसांचा काम. माती कडंलाच पडली हाय. तुमचा हुकूम आला का पुन्ना खनू."

साहेबांना आधी वाटले म्हातारा टिंगल करतो आहे. त्यांची भुवई चढली. पण बुधाबाबांच्या चेहऱ्यावर टिंगलीचा मागमूस नव्हता. त्यांना एवढेच कळले होते, की सरकारला विहीर नंतर खणलेली हवी आहे, आणि ते करून द्यायला वाडी तयार आहे. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि असे हसले, की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला.

"बुजवू नका," ते डोळे पुसत म्हणाले. "मी येतो बघायला."

ते खरोखरच आले. बायका विहिरीवरून हंडे भरून नेत होत्या, ते त्यांनी पाहिले. विहिरीच्या काठाशी उकिडवे बसून माती चिमटीत घेऊन पाहिली. मग मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक करा. नव्या विहिरीचा अर्ज मागं घ्या. 'जुन्या विहिरीची दुरुस्ती' म्हणून नवा द्या. मी बघतो."

मी मनात टाळी वाजवली. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "साहेब, जुनी नाही ती. पाणी लागून महिना झालाय."

त्या वेळी मला कपाळ बडवून घ्यावेसे वाटले, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. साहेबही चिडले. "मग काय लिहिणार तुम्ही?"

मास्तरांनी खिशातून जुने पाकीट काढले, पेन्सिल काढली आणि उभ्याउभ्या लिहिले: 'वाडीतील लोकांनी गैरसमजाने मंजुरीपूर्वी, परंतु स्वतःच्या श्रमाने खणलेली एक महिन्याची कच्ची विहीर. गैरसमजास अर्ज लिहिणारा जबाबदार आहे. पावसाळ्यात ढासळू नये म्हणून बांधकामास अनुदान मिळावे.'

साहेबांनी ते दोनदा वाचले. "असा अर्ज मी अजून पाहिला नव्हता. वर पाठवतो. मिळेलच असं नाही. आणि खणण्याची मेहनत तुमच्या वाट्यात धरता येणार नाही, वाटा नव्याने द्यावा लागेल."

बुधाबाबांना ते समजावून सांगितले. ते म्हणाले, "देऊ की. हात काय झिजलं?"

मग वाट पाहणे सुरू झाले. मार्च संपला. नवे सरकारी वर्ष लागले. या खेपेला मास्तरांनी सक्त ताकीद दिली होती, की कागद येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. नवा नारळ त्यांनी स्वतःच्या टपालपिशवीतच ठेवून दिला, म्हणजे कोणी फोडायला नको. बुधाबाबा मधूनच येऊन विचारत, "दगूड गोला केला तर चालंल का? लावत नाय, नुसता गोला." मास्तर "नाही" म्हणत. चैत्रात पूर्वेच्या बाजूची गाडीभर माती विहिरीत कोसळली. वाडीतली तरणी माणसे कुरकुरू लागली. मास्तरांनी एक तारीख फिरवली असती तर आज दगड लागला असता, असे एकाने माझ्यासमोरच म्हटले. बुधाबाबांनी त्याला गप्प केले. "खोटी तारीख टाकनारं येऊन गेलं इथं. त्यातला परत कोन आला?"

मास्तर वरून शांत होते. पण एका संध्याकाळी टपालाची पिशवी बांधता बांधता त्यांनी मला विचारले, "माझं चुकलं का हो?" मी पिशवीची दोरी धरून दिली. त्यांचे हट्टीपण मला तेव्हा पटले नव्हते आणि त्यांना हरलेले बघण्याची माझी तयारीही नव्हती.

वैशाखातल्या एका शनिवारी, कचेरी अर्धा दिवस म्हणून, मी दुपारी ओटीवर पोचलो. टपाल नुकतेच आले होते. एक लांब खाकी पाकीट, त्यावर कल्याण कचेरीचा छाप. मास्तरांनी त्यावर शिक्का मारला आणि ते बाजूला ठेवले.

"उघडा की!" मी ओरडलोच.

"पत्ता कोणाचा आहे?"

पत्ता होता 'अध्यक्ष, विहीर समिती, उंबराची वाडी'. अध्यक्ष बुधाबाबा. दुसऱ्याचे पत्र मास्तर कसे उघडणार? काकूंनी सुद्धा आतून सांगून पाहिले, "अहो, वाचून त्यांनाच तर सांगायचंय." पण व्यर्थ. त्यांनी टोपी घातली, पिशवी खांद्याला लावली, आणि आम्ही ते पाकीट घेऊन वैशाखाच्या उन्हात पाच मैल चाललो. वाटेत मी ते दोनदा उजेडाकडे धरून पाहिले. काही दिसले नाही.

वाडीत पोचल्यावर मास्तरांनी पाकीट बुधाबाबांच्या हातात रीतसर दिले. बुधाबाबांनी ते उलटे धरले, सुलटे धरले, आणि परत मास्तरांच्या हातात ठेवले. "वाचा."

माणसे जमली. मास्तरांनी पाकीट फोडले आणि आपल्या नेहमीच्या रीतीने वाचायला सुरुवात केली. आधी जावक क्रमांक, मग दिनांक, मग विषय, मग संदर्भ. ओळीओळीला थांबत होते आणि बुधाबाबा "हां" म्हणत होते. माझा जीव टांगणीला. 'मंजूर करण्यात येत आहे' या शब्दांपाशी मास्तरांचा आवाज बसला. त्यांना पुढे वाचता येईना. शेवटी मी कागद घेतला आणि उरलेल्या ओळी वाचल्या. मी मेला खुशाल रडत होतो आणि वाचत होतो.

मास्तरांनी पिशवीतून नारळ काढला. दोन महिने उन्हातान्हात पिशवीत हिंडलेला नारळ तो. फोडला तर आत पाण्याचा थेंब नाही, नुसता सुका गोटा. माणसे चरकली, हा शकुन कसला म्हणायचा? बुधाबाबांनी खोबरे हातात घेतले आणि म्हणाले, "पानी हिरीत हाय. नारलात कशाला पायजे?" आणि त्याच संध्याकाळी पहिला दगड उचलला गेला.

मृग लागायला तीन आठवडे होते. वाडी दगड वाहू लागली. मास्तर टपाल आटोपून रोज जात आणि रांगेत उभे राहून दगड पुढे देत. कोणी अडवले तर म्हणत, "चूक माझी, तर थोडा दंड मला नको?" एका रविवारी ईश्वरीबाई आठ-दहा जणींना घेऊन, बैलगाडी करून, डबे भरभरून कोकी घेऊन आल्या. कोकी ही त्यांची कांदा घातलेली जाड भाकरी. मास्तरांनी संकोचून "एवढं कशाला?" म्हटले, तर त्यांचा दोन बराकी पलीकडे जाणारा आवाज वाडीभर घुमला, "आपने हमको पता दिया, हम आपको रोटी भी न दें?" बुधाबाबांनी तुकडा तोडून चावला, विचार केला आणि म्हणाले, "बेस हाय. या भाकरीनं कांदा आपला आपूनच खाल्लाय." मृगाला तीन दिवस असताना कठड्याचा शेवटचा दगड बसला. ती विहीर आजवर ढासळलेली नाही, आटलेली नाही. आसपासच्या वाड्यांनी त्यानंतर मास्तरांना फॉर्म घेऊन बोलावले आणि पूर्वी 'कागूद' म्हटले की तोंड फिरवणारी माणसे ओळीओळीला "हां" म्हणू लागली.

मास्तरांमध्ये दोष नाहीत असे नाही. ते हट्टी आहेत. कागदाच्या बाबतीत चिक्कू आहेत. माझी विशेषणे खोडताना त्यांना जो आनंद होतो, तो लपवण्याचे कष्टही घेत नाहीत. मागच्या वर्षी छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी उन्हात चालायला मनाई केली, तर ते सकाळी लवकर निघू लागले आणि "ऊन कुठं आहे?" म्हणू लागले. आम्हाला त्यांची काळजी वाटते, हे त्यांनी एकदा नीट, ओळीओळीने ऐकून घ्यावे आणि "हां" म्हणावे.

या ग्रंथासाठी चार शब्द मागायला मी परवा उंबराच्या वाडीवर गेलो होतो. बुधाबाबा आता फार थकले आहेत. डोळ्यांना दिसत नाही, पण विहिरीवरून आलेला हंडा पावलांच्या आवाजावरून ओळखतात. मी सांगितले, मास्तरांना साठ वर्षे पूर्ण होताहेत, सत्कार आहे. त्यांनी विचारले, "नारल फोडनार का?"

"फोडणार."

"मंग त्यांना सांग, नारल फुटला का हात थांबवाचा नाय. काम तडीस जाईपातूर."

"आणि तड कुठवर, बाबा?"

"शंभरापातूर," म्हातारा म्हणाला.

वामनराव, म्हणून हा अर्ज. कोण, कुठले, काय केलं ते वर आलेच आहे. काय हवे ते एका ओळीत लिहितो: तुम्ही शंभर वर्षे धडधाकट राहावे आणि ओटीवरचा चहा आम्हाला तोवर मिळावा. वरून मंजुरी आलेली नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण नारळ आजच फोडला आहे, तारीख खरी टाकली आहे, आणि गैरसमजास अर्ज लिहिणारा जबाबदार आहे. आता बुजवा म्हणाल, तर ते आमच्याने होणार नाही.